कोड एडिटरची कुळकथा: अक्षरांचं घराणं आणि अर्थाचं घराणं

वेबसाठी कोड लिहिणारे दोघं भेटले की 'तू कशात लिहितोस?' हा प्रश्न निघतोच. कुणी व्हीएस कोड म्हणतं, कुणी वेबस्टॉर्म, कुणी अजून व्हिमवर ठाम असतं. मग तुलना सुरू होते. कोण पटकन उघडतो, कोण मेमरी खातो, कुणाच्या थीमा डोळ्यांना बऱ्या वाटतात. एवढ्यानं समाधान होतं खरं, पण या साधनांमधला मूळ फरक त्यात हाती लागत नाही. तो फरक असा: तुम्ही लिहिलेली फाइल एडिटरला नुसती अक्षरांची रांग म्हणून दिसते की अर्थ असलेला प्रोग्रॅम म्हणून? या एका प्रश्नावरून कोड लिहिण्याच्या साधनांची दोन घराणी झाली. ती कित्येक दशकं वेगवेगळी वाढली आणि गेल्या दहाएक वर्षांत एकमेकांत मिसळली. आज कोणताही एडिटर पारखायचा तर आधी ही कुळकथा माहीत हवी.

कागदावर चालणारा एडिटर

अक्षरांच्या घराण्याचा मूळपुरुष 'एड'. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ च्या उन्हाळ्यात केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सचा पाया घातला. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, शेल, एडिटर आणि असेंब्लर यांना त्यांनी एकेक आठवडा दिला. त्यांतला एडिटर म्हणजे एड.

त्या काळी समोर पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचं यंत्र कागदाच्या गुंडाळीवर टाइप करत जायचं, तेही सेकंदाला दहा अक्षरांच्या वेगानं. चाळीस-चाळीस अक्षरांच्या शंभर ओळी पाहायच्या तर साडेसहा मिनिटं लागत. अशा यंत्रावर एडिटरनं बडबड करून चालणारच नव्हतं. म्हणून एड जवळपास मुका होता. आज्ञा चुकली तर तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. फाइल डोळ्यांसमोर नसल्यामुळे प्रत्येक बदल शब्दांत सांगावा लागे: अमुक ओळीवर जा, तिथला हा शब्द काढ, त्या जागी हा घाल. 'एस' हे अक्षर, मग तिरपी रेघ, जुना शब्द, तिरपी रेघ, नवा शब्द, तिरपी रेघ. ही आज्ञा आजही व्हिममध्ये अपूर्णविरामानंतर जशीच्या तशी चालते.

न पाहता शोधायचं असल्यामुळे शोधाची भाषा नेमकी असणं भाग होतं. थॉम्प्सन यांनी त्याआधी क्यूईडी या एडिटरच्या आपल्या आवृत्तीत रेग्युलर एक्सप्रेशन आणलं होतं, आणि त्याच्या शोधपद्धतीवरचा त्यांचा लेख १९६८ साली प्रसिद्ध झाला होता. 'अंक असलेली ओळ', 'या अक्षरानं सुरू होणारा शब्द' असं नमुन्यानं सांगून शोधायची ही रीत एडमध्ये आली आणि तिथून युनिक्सच्या सगळ्या साधनांत पसरली. आज व्हीएस कोडच्या शोधचौकटीत टिंब आणि फुलीचं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की हीच रीत सुरू होते. वेब प्रोग्रॅमरच्या रोजच्या वापरातलं हे बहुधा सर्वांत जुनं हत्यार.

पडदा आला, मोडेम मात्र धिमा राहिला

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कूलूरिस यांना एड फार रुक्ष वाटायचा. त्यांनी पडद्यावर ओळ दाखवणारा 'ईएम' एडिटर केला आणि १९७६ च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत नेला. तिथे बिल जॉय आणि चक हेली यांनी त्यावरून प्रेरणा घेऊन 'एक्स' हा एडिटर उभा केला. पुढे जॉय यांनी त्याला पूर्ण पडद्याची दृष्टी दिली आणि व्हीआय जन्माला आला. १९७९ च्या बर्कली युनिक्ससोबत तो सगळीकडे पोचला.

जॉय यांच्या कामाच्या जोडणीचा वेग होता ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. २४ ओळी आणि ८० रकाने असा पडदा पूर्ण नव्यानं रंगवायचा तर एका मिनिटाहून जास्त वेळ जायचा. त्यामुळे व्हीआयच्या आज्ञा एका-दोन अक्षरांच्या झाल्या आणि लिहिण्याची अवस्था व आज्ञा देण्याची अवस्था अशा दोन वेगळ्या अवस्था आल्या. त्यांच्यासमोर एडीएम-३ए हे टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर बाणांसाठी वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये कर्सर याच कळांनी हलतो. आज जिथे टॅब असतो तिथे त्या कीबोर्डवर एस्केपची कळ होती. करंगळी सहज पोचायची. आजच्या लॅपटॉपवर एस्केप दूरच्या कोपऱ्यात गेली, तरी व्हिमची बोटं तिच्याकडे धावतातच, ती या इतिहासामुळे.

व्हीआयची सुधारित आवृत्ती व्हिम ही नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांची. १९९१ मध्ये त्यांनी ती अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध केली आणि वापरणाऱ्यांना एवढंच सांगितलं, की जमल्यास युगांडातल्या गरजू मुलांसाठी देणगी द्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले तेव्हा तीसहून अधिक वर्षं ते या एकाच कामाची निगा राखत होते.

बर्कलीत व्हीआय घडत होता त्याच सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत वेगळा विचार चालू होता. तिथे टेको नावाचा एडिटर होता, आणि ज्यानं त्यानं आपापल्या सोयीच्या आज्ञांची जंत्री त्यावर चढवली होती. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी या विखुरलेल्या आज्ञा एकत्र आणून इमॅक्स घडवला. प्रत्येक कळ म्हणजे एक आज्ञा, आणि ती आज्ञा वापरणाऱ्यानं स्वतः बदलावी, हा त्याचा गाभा. १९८५ मध्ये जीएनयू इमॅक्स आला तेव्हा लिस्प भाषाच एडिटरच्या पोटात होती. वापरणारा माणूस एडिटर चालू असतानाच त्याचं वागणं नव्यानं लिहू शकत होता. आजच्या एक्स्टेंशनांची कल्पना इथेच रुजली.

निळ्या पडद्याचं घराणं

अर्थाच्या घराण्याची सुरुवात संशोधन प्रयोगशाळांत झाली. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातलं स्मॉलटॉक हे त्याचं ठळक उदाहरण. पण ते घराणं सामान्य प्रोग्रॅमरच्या टेबलावर आलं नोव्हेंबर १९८३ मध्ये, टर्बो पास्कलच्या रूपानं.

त्याआधीची दिनचर्या अशी होती: एडिटर चालवा, फाइल जतन करा, एडिटर बंद करा, कंपायलर चालवा, वाट पाहा, चुकांची यादी वाचा, पुन्हा एडिटर उघडा, ती ओळ शोधा. फ्लॉपीवर हे सगळं चालायचं, त्यामुळे एका चुकलेल्या अर्धविरामापायी कित्येक मिनिटं जात. डेन्मार्कच्या आंदेर्स हाय्ल्सबर्ग यांनी एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रॅममध्ये बसवले आणि दोघांना मेमरीत शेजारी ठेवलं. कंपायलरला चूक सापडली की कर्सर थेट त्या जागी जाऊन उभा राहायचा. हे सगळं ४० केबीपेक्षा कमी जागेत मावत होतं. बोरलँड कंपनीनं त्याची किंमत ठेवली ४९ डॉलर ९५ सेंट. इतर कंपायलर तेव्हा शेकडो डॉलरना मिळायचे.

त्या एका क्षणी, कर्सर चुकीवर जाऊन उभा राहिला तेव्हा, एडिटरला फाइलमधली अक्षरं दिसण्यापलीकडे त्यांचा अर्थ कळू लागला. एडिटर आणि कंपायलर अशी साधनं एकत्र बांधणाऱ्या आयडीई या प्रकाराचं सारं बळ यातच आहे.

बोरलँडचाच टर्बो सी १९८७ मध्ये आला, आणि महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये तो ज्या घट्टपणे बसला तो बसलाच. बाहेर विंडोजच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या आल्या, तरी प्रॅक्टिकलला निळा पडदा, पिवळी अक्षरं, चालवायला कंट्रोल-एफ९ आणि उत्तर पाहायला अल्ट-एफ५ हे चालूच राहिलं. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत वेबचं काम करणाऱ्या एका अख्ख्या पिढीचा प्रोग्रॅमिंगशी पहिला परिचय याच पडद्यावर झाला. त्या पिढीला कंपायलर आणि एडिटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला नोकरी लागावी लागली, इतका तो जोड पक्का होता.

या घराण्याची पुढची मोठी मजल प्रागमध्ये मारली गेली. तिथल्या जेटब्रेन्स या कंपनीनं जानेवारी २००१ मध्ये जावासाठी इंटेलिजे आयडिया आणला. त्याआधी त्यांनी एक छोटं साधन केलं होतं, त्याचं काम एकच: प्रोग्रॅममधलं नाव बदलणं. वरकरणी ही किरकोळ गोष्ट वाटते, म्हणून ती जवळून पाहू.

समजा, तुमच्या कोडमध्ये 'जोड' नावाचं फंक्शन आहे आणि त्याचं नाव 'बेरीज' करायचं आहे. अक्षरांच्या घराण्यातला एडिटर 'जोड' शोधून 'बेरीज' घालेल. पण त्याच फाइलमध्ये 'जोडणी' नावाचं चल असेल तर त्याचं 'बेरीजणी' होईल. शब्दाच्या कडा पाहायला सांगितलं तर एवढं टळेल, पण दुसऱ्या एका फंक्शनच्या आत त्याच 'जोड' नावाचं स्वतंत्र चल असलं तर तेही बदलून जाईल. कुठल्या अवतरणचिन्हांत वापरकर्त्यासाठी लिहिलेला 'जोड' हा मजकूरही बदलेल. आयडीई आधी सगळ्या प्रकल्पाचं व्याकरण लावतो. कोणतं नाव कुठे जाहीर झालं, ते कुठवर दिसतं, कोण कुणाला हाक मारतं याचं झाड तो मनात धरतो. मग तुम्ही बोट ठेवलेलं ते 'जोड' आणि त्याच फंक्शनकडे जाणारे उल्लेख तेवढेच, शंभर फाइलींतले का असेनात, बदलतो. हे ज्याला एकदा विश्वासानं करता आलं, तो वाईट नावं सहन करणं सोडतो. कोडची प्रतच त्यामुळे सुधारते.

नोव्हेंबर २००१ मध्ये आयबीएमनं एक्लिप्स खुला केला. त्यातल्या जावा साधनांचं नेतृत्व झुरिकमध्ये एरिक गामा यांच्याकडे होतं. डिझाइन पॅटर्न्सवरच्या १९९४ च्या प्रसिद्ध पुस्तकाचे ते चार लेखकांपैकी एक. हाय्ल्सबर्ग आणि गामा ही दोन नावं लक्षात ठेवावीत. दोघं पुढे वेबच्या वाटेवर पुन्हा येतात.

अर्थ कळण्याची किंमतही होती. प्रकल्प उघडला की आयडीई सगळ्या फाइली वाचत बसे, मेमरी भरून जाई, आणि प्रत्येक भाषेसाठी ही समज नव्यानं लिहावी लागे. एक्लिप्ससाठी लिहिलेलं जावाचं ज्ञान इमॅक्सच्या किंवा व्हिमच्या उपयोगाचं नव्हतं.

वेब दोन्ही घराण्यांना अवघड गेलं

पहिला ब्राउझर हा एडिटरही होता. १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी नेक्स्ट संगणकावर लिहिलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये पान वाचता येत होतं आणि तिथेच बदलताही येत होतं. १९९३ च्या मोझेकपासून लोकप्रिय झालेले ब्राउझर मात्र मुख्यतः वाचण्यासाठी झाले, आणि पानं लिहिण्याचं काम बाहेरच्या साधनांकडे गेलं.

मग दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर होते पान जसं दिसेल तसं मांडू देणारे प्रोग्रॅम. व्हर्मीअर टेक्नॉलॉजीज या कंपनीचं फ्रंटपेज १९९५ चं. जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली. डिसेंबर १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाचं ड्रीमविव्हर आलं. दुसऱ्या वाटेवर होते हातानं टॅग लिहिणारे. त्यांच्यातल्या अनेकांचा आवडता होता निक ब्रॅडबरी यांचा होमसाइट. तो डेल्फीमध्ये लिहिलेला होता, आणि डेल्फी हे हाय्ल्सबर्ग यांनीच बोरलँडमध्ये घडवलेलं साधन. या दोन वाटांमधला तंटा खरा होता: चित्रानं मांडणारे प्रोग्रॅम मागे जो कोड लिहायचे तो माणसाला हाताळता येत नसे. हातानं लिहिलेल्या कोडला धक्का लावणार नाही, हे ड्रीमविव्हरचं मोठं आश्वासन होतं ते याचसाठी.

आयडीईंनाही वेब पेललं नाही. एकाच फाइलमध्ये एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, आणि त्यात पीएचपीही मिसळलेलं. जावास्क्रिप्टमध्ये चलाचा प्रकार लिहायचा नसतो, त्यामुळे टिंब दिल्यावर पुढे काय येऊ शकेल हे कोड वाचून ठरवणं कठीण. शिवाय खरा निकाल ब्राउझरमध्ये लागायचा. २००६ च्या सुरुवातीला ज्यो ह्यूइट यांनी फायरफॉक्ससाठी फायरबग हे एक्स्टेंशन दिलं आणि डीबगर थेट ब्राउझरमध्ये आला. आयडीईचा एक मोठा अवयव असा कायमचा बाहेर गेला. आज एफ१२ दाबल्यावर जे उघडतं ते त्याच परंपरेतलं. यामुळे एडिटरवरचा भार हलका झाला, आणि अक्षरांच्या घराण्याला नवं आयुष्य मिळालं.

ऑक्टोबर २००४ मध्ये डेन्मार्कच्या अॅलन ओडगार्ड यांनी मॅकसाठी टेक्स्टमेट काढला. रुबी ऑन रेल्सच्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत हाच एडिटर पडद्यावर दिसायचा. त्यात कोणत्याही भाषेला रंग देण्यासाठी रेग्युलर एक्सप्रेशनांची एक साधी फाइल लिहिता येई. शेकडो भाषांसाठी लोकांनी अशा फाइली लिहिल्या. २००८ मध्ये सिडनीचे जॉन स्किनर यांनी सब्लाइम टेक्स्ट आणला. एकाच वेळी अनेक कर्सर, उजव्या कडेला फाइलचा चिमुकला नकाशा, आणि नावाची चार अक्षरं टाइप करून कुठल्याही फाइलवर उडी या त्याच्या सवयी साऱ्या वेब जगाला लागल्या. पुढच्या आवृत्तीतली आज्ञापेटीही तशीच. तो सी++ मध्ये लिहिलेला असल्यानं साध्या संगणकावरही चपळ होता. अर्थाचं ज्ञान मात्र त्याला फारसं नव्हतं.

दोन घराण्यांची सोयरीक

२०११ मध्ये गामा मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि झुरिकमध्ये छोटा गट घेऊन बसले. काम होतं ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर, मोनाको. हाय्ल्सबर्गही तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये होते. त्यांनी सी शार्प घडवली होती आणि आता ते जावास्क्रिप्टला प्रकारांची शिस्त देणाऱ्या टाइपस्क्रिप्टवर काम करत होते. ती ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाली. मोनाको हा टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या सुरुवातीच्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक. निळ्या पडद्यामागचा माणूस आणि एक्लिप्समागचा माणूस असे एकाच कामाच्या दोन बाजूंना आले.

तिकडे गिटहबनं २०१४ मध्ये अॅटम प्रसिद्ध केला. वेबच्याच साहित्यातून, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमधून बांधलेला हा एडिटर. त्यासाठी त्यांनी ब्राउझरचं इंजिन आणि नोड यांची सांगड घालणारा सांगाडा केला. त्यालाच पुढे इलेक्ट्रॉन हे नाव मिळालं. इमॅक्सची कल्पना त्यात नव्यानं आली: एडिटरचा कोणताही भाग बदला. पण त्यामुळे कोणतंही पॅकेज कुठेही हात घालू शके, आणि दहा-वीस पॅकेजं बसवली की एडिटर जड होई.

मायक्रोसॉफ्टच्या गटानं मोनाको उचलला, त्याला इलेक्ट्रॉनचा सांगाडा दिला, आणि २९ एप्रिल २०१५ रोजी व्हीएस कोड जाहीर केला. नोव्हेंबरमध्ये त्याचा सोर्स खुला झाला, पुढच्या एप्रिलमध्ये १.० आवृत्ती आली. अॅटमपेक्षा तो वेगळा ठरला एका कडक नियमामुळे: एक्स्टेंशन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालेल आणि पडद्याला थेट हात लावणार नाही. एखादं एक्स्टेंशन अडकलं तरी टाइप करणं थांबत नाही.

पण खरी सोयरीक झाली जून २०१६ मध्ये. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी मिळून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एलएसपी, जाहीर केला. कल्पना सोपी आहे. भाषेचं सारं ज्ञान एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये ठेवायचं. तो लँग्वेज सर्व्हर. एडिटर त्याला विचारतो, 'या फाइलच्या अमुक ओळीत, अमुक जागी कर्सर आहे. इथे काय सुचवू? याची व्याख्या कुठे आहे? याचं नाव बदलायचं तर कुठे कुठे बदलू?' सर्व्हर उत्तर देतो. एडिटरला भाषा कळावी लागत नाही आणि सर्व्हरला एडिटर माहीत नसतो. आधी दहा एडिटर आणि वीस भाषा असल्या तर दोनशे जोडण्या लिहाव्या लागत. आता दहा आणि वीस मिळून तीस पुरतात.

याचा परिणाम दूरवर गेला. व्हिमच्या वंशातला निओव्हिम २०२१ पासून एलएसपी अंगभूत घेऊन येतो. इमॅक्समध्ये तो आहे, सब्लाइमसाठी त्याचं पॅकेज आहे. सत्तरच्या दशकातल्या एच-जे-के-एल कळा दाबणाऱ्याला आता नाव बदलण्याची तीच अचूक सोय मिळते, जी कधी फक्त महागड्या आयडीईत होती. एडिटर की आयडीई, हा जुना प्रश्न यामुळे बराचसा मिटला.

एलएसपीच्या या करारात मराठी लिहिणाऱ्यांना जवळची अशी एक खाच आहे. 'अमुक जागी' म्हणजे नेमकं कितव्या अक्षराशी, हे दोघांनी एकाच पद्धतीनं मोजायला हवं. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशी चार चिन्हं आहे. एलएसपीनं मूळ ठरवलेल्या यूटीएफ-१६ पद्धतीनं त्याची लांबी ४ भरते, यूटीएफ-८ च्या बाइटांत १२. एडिटरनं एका पद्धतीनं मोजलं आणि सर्व्हरनं दुसऱ्या, की ओळीत मराठी मजकूर आल्यावर चुकीखालची लाल रेघ सरकून भलत्याच शब्दाखाली जाते. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून मोजण्याची पद्धत दोघांना आपसांत ठरवता येते. मराठी संकेतस्थळं घडवणाऱ्यानं आपला एडिटर पारखताना जोडाक्षरांची एक ओळ टाकून कर्सर कसा चालतो, नाव बदलताना काय होतं, हे अवश्य पाहावं. दोन मिनिटांची ही परीक्षा पुष्कळ काही सांगते.

पोटातली गोष्ट

एडिटरचं कौशल्य बरंचसं अदृश्य असतं. व्हीएस कोड सुरुवातीला फाइलच्या प्रत्येक ओळीसाठी मेमरीत एक वेगळी वस्तू तयार करायचा. मग कुणीतरी ३५ एमबीची, पण १ कोटी ३७ लाख ओळींची फाइल उघडायला घेतली. ओळी चिमुकल्या होत्या, त्यांच्या वस्तू मात्र नव्हत्या. त्यांच्यातच सुमारे ६०० एमबी मेमरी खर्च झाली आणि फाइल उघडलीच नाही. २०१८ मध्ये गटानं मांडणीच बदलली. मूळ मजकूर जसाच्या तसा राहू द्यायचा, नवं लिहिलेलं वेगळ्या जागी साठवायचं, आणि कोणता तुकडा कुठून घ्यायचा याचा एक तक्ता ठेवायचा. या तक्त्याला त्यांनी संतुलित झाडाचं रूप दिलं. मुळातली कल्पना १९७० च्या दशकातली. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातला ब्राव्हो हा लेखनाचा प्रोग्रॅम याच तत्त्वावर चालायचा. चाळीस वर्षांपूर्वीचं उत्तर वेबच्या काळात पुन्हा कामी आलं.

काय गेलं, काय राहिलं

होमसाइट गेला. अडोबीनं आपल्या ब्रॅकेट्स या एडिटरचा पाठिंबा सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवला. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं होतं; १५ डिसेंबर २०२२ रोजी अॅटमचं कामही बंद झालं. पण यांच्यातलं जे जे वेगळं काढता आलं ते टिकलं. अॅटमसाठी झालेल्या इलेक्ट्रॉनवर व्हीएस कोड चालतो. अॅटमच्या निमित्तानं मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी घडवलेलं ट्री-सिटर हे व्याकरण लावणारं साधन आज निओव्हिममध्ये आहे, आणि अॅटमच्याच मूळ मंडळींनी रस्ट भाषेत लिहिलेल्या झेड या एडिटरमध्येही आहे. टेक्स्टमेट आता फार थोडे वापरतात, तरी व्हीएस कोडमध्ये एखादी फाइल रंगीत दिसते ती बहुधा टेक्स्टमेटच्या पद्धतीनं लिहिलेल्या व्याकरणामुळे. रेग्युलर एक्सप्रेशनाला तर पन्नासहून अधिक वर्षं झाली.

म्हणून तुलना करायची ती या अंगानं करावी. वेबस्टॉर्ममध्ये अर्थाचं ज्ञान एकाच पेटीत आणि एकाच हातानं बसवलेलं मिळतं. मोठा, जुना, अनेक हातांतून गेलेला प्रकल्प असेल आणि संगणकाला मेमरी भरपूर असेल तर त्याचं मोल कळतं. ऑक्टोबर २०२४ पासून बिगरव्यावसायिक वापराला तो मोफत आहे. व्हीएस कोडमध्ये ते ज्ञान एक्स्टेंशनांतून गोळा होतं. निवड चांगली केली तर उत्तम, रांग लावली तर जड. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांहून अधिक लोक तो वापरत होते, त्यामुळे अडलं की विचारायला माणूस सापडतो. निओव्हिममध्ये जुळणी स्वतः करावी लागते. दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून काम करणाऱ्याला आणि जुन्या लॅपटॉपवाल्याला तो साथ देतो.

२०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला आणि एडिटर स्वतःहून ओळी सुचवू लागला. 'कर्सर' याच नावाच्या एडिटरसारखे नवे एडिटर व्हीएस कोडच्याच खुल्या सोर्सवरून निघाले. सोर्स खुला असला तरी मायक्रोसॉफ्टचं एक्स्टेंशनांचं अधिकृत भांडार फक्त त्यांच्याच उत्पादनांसाठी आहे. म्हणून इतरांना एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स या भांडाराकडे वळावं लागतं. निवड करताना ही अटही वाचलेली बरी. आणि सुचवलेल्या ओळी पारखायला शेवटी तेच जुनं ज्ञान लागतं: हे नाव कुठून आलं, हे फंक्शन कोण वापरतं, इथे थांबून चलात काय आहे ते कसं पाहायचं.

नव्यानं शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं असं आहे. प्रकल्पाचे नियम एडिटरच्या सेटिंगमध्ये अडकवू नका. ओळी किती जागा सोडून सुरू व्हाव्यात हे एडिटरकॉन्फिगच्या फाइलमध्ये, मांडणी प्रेटिअरकडे, तपासणी ईएसलिंटकडे द्या. मग शेजारचा कुठलाही एडिटर वापरो, काम एकसारखं होतं. रेग्युलर एक्सप्रेशन नीट शिका. नाव बदलण्याची आज्ञा, व्याख्येवर जाण्याची आज्ञा आणि ब्राउझरचा डीबगर रोज वापरा. एवढं हाताला बसलं की उद्या व्हीएस कोडही अॅटमच्या वाटेनं गेला तरी तुमचं काही अडणार नाही. एडिटर निवडताना त्याच्या सवयींपैकी किती दुसऱ्या एडिटरमध्ये सोबत नेता येतील, हे आधी पाहावं. थीम नंतर निवडता येते.